काटेसाहेबांचे तेरा किलो

चिमणी उडण्याआधी क्षणभर जड होते, हे काटेसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पुढच्या सगळ्या भानगडीला तिथून सुरुवात झाली.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, खरा निघाला तर शिशाचं सील ठोकायचं, खोटा निघाला तर जप्त करायचा, हे काम त्यांनी एकोणतीस वर्षं इतक्या कडकपणे केलं की दुकानदार त्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'काटेसाहेब' म्हणू लागले. हळूहळू पाठीमागचं नाव तोंडावर आलं. त्यांना राग आला नाही. माणसाला त्याच्या कामावरून ओळखणं हे बापाच्या नावावरून ओळखण्यापेक्षा बरं, असं त्यांचं मत होतं.

तर त्या दिवशी ते आपल्याच इमारतीखालच्या किराणावाल्याच्या दुकानात काटा तपासत असताना एक चिमणी ताटलीवर येऊन बसली. सुई तीस ग्रॅमवर थांबली. चिमणीने दोन दाणे टिपले आणि उडाली. सुई सरळ शून्यावर यायच्या ऐवजी आधी टुणकन पन्नाशीवर गेली आणि मगच खाली आली. काटेसाहेब बघतच राहिले. पुढचा पाऊण तास ते ताटलीवर दाणे टाकत आणि चिमण्यांची वाट बघत बसले. किराणावाल्याला वाटलं, आपल्या काट्यात काहीतरी महाभयंकर सापडलंय. त्याने आधी खुर्ची दिली, मग पंखा लावला, मग काकुळतीला आला.

"साहेब, काय असेल ते एकदाचं सांगून टाका. छातीत धडधडतंय."

"उडताना ती खाली जोर लावते, तो काटा दाखवतो," काटेसाहेब म्हणाले. "ते समजलं. पण एकदा वर गेल्यावर तिचं वजन धरतं कोण?"

किराणावाल्याने दुकानात चहूकडे पाहिलं. "मी तर नाही धरलेलं, साहेब."

दुसरा एखादा माणूस वाचनालयातलं पुस्तक वाचून गप्प बसला असता. वजन हवा धरते, असं पुस्तकात स्पष्ट छापलेलं होतं. पण ज्याची हयात दुसऱ्याच्या मापावर विश्वास न ठेवण्यात गेली, तो पुस्तकावर तरी कसा ठेवणार? त्यांनी नकाशे मागवले. बावीस कागद आले. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, डोक्यावर चार दांड्यांनी उचलून धरलेला एक लांबलचक पंख, जुन्या मोटारीचं इंजिन आणि उघड्यावर एकच खुर्ची. असं ते घरी बांधायचं विमान होतं.

काटेसाहेबांच्या बायकोचा शिवणवर्ग होता. तिने बावीसच्या बावीस कागद जमिनीवर पसरले आणि ड्रेसचा कागदी नमुना बघावा तसे बघितले.

"यात शिवणकाम बरंच आहे," ती म्हणाली.

"आहे."

"मग मला विचारलं का नाहीत आधी?"

ही परवानगी होती की तक्रार, हे काटेसाहेबांना शेवटपर्यंत समजलं नाही. पण काम सुरू झालं.

विमानाचं धड दिवाणखान्यापेक्षा एका फुटाने लांब निघालं. त्यामुळे नाक दिवाणखान्यात आणि शेपूट स्वयंपाकघरात अशी व्यवस्था करावी लागली. बायको शेपटाच्या एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला फ्रीज असं दोन वर्षं वावरली. हात पुसायचं फडकं ती शेपटालाच अडकवायची. पाहुणे आले की ते पंखाच्या फासळ्यांमधून वाकून सोफ्यापर्यंत पोचत आणि तिथे बसल्यावर, आपण आलो कशासाठी होतो ते विसरून, सल्ला देत.

सल्ल्याला तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर रोज संध्याकाळी येऊन एकच प्रश्न विचारायचे, "उलटं झालं तर?" काटेसाहेब खुर्चीच्या पट्ट्यांबद्दल सांगायचे. पोस्टमास्तर मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे. किराणावाल्याचं म्हणणं, एवढी मेहनत घेताच आहात तर मागे थोडी सामान ठेवायला जागा करा. आणि इमारतीचे सेक्रेटरी आले ते नियमांची वही घेऊनच.

"हे वाहन आहे ना?" त्यांनी विचारलं.

"होईल."

"चाकं किती?"

"दोन पुढे, एक शेपटाखाली."

सेक्रेटरींनी वहीत बोट फिरवलं. "तीनचाकी. तीनचाकी म्हणजे मालवाहतूक. मालवाहतुकीच्या गाड्यांना आवारात बंदी आहे."

"पण ते आवारात नाही, घरात आहे."

घरात तीनचाकी ठेवू नये असा नियम वहीत नव्हता. असा नियम करायची वेळ येईल, हे वही लिहिणाऱ्याला स्वप्नातही सुचलं नसणार. सेक्रेटरी विचारात पडून गेले, आणि पुढच्या बैठकीत तो नियम आला. मात्र 'यापुढे' या शब्दामुळे काटेसाहेब वाचले.

सरकारी बाजू याहून जोरकस होती. नोंदणीच्या अर्जात 'कारखान्याचा पत्ता' असा रकाना होता. काटेसाहेब खोटं कसं लिहिणार? त्यांनी घराचा पत्ता लिहिला. महिन्याभरात दुसऱ्याच एका खात्याची नोटीस आली : निवासी इमारतीत विनापरवाना कारखाना का चालवता, कामगार किती, त्यांना जेवणाची सुट्टी मिळते का. कामगारांच्या रकान्यात काटेसाहेबांनी 'एक, पत्नी' लिहिलं. सुट्टीच्या रकान्यापाशी आल्यावर बायकोने कागद हातातून घेतला आणि स्वतः लिहिलं : 'नाही.'

पंखाला कापड चढवायचं काम मात्र दोघांच्याही आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं निघालं. कापड ताणून चिकटवायचं, वरून इस्त्री फिरवायची. इस्त्री फिरली की ते आकसून असं ताठ होतं की बोट मारलं तर ढोलकीसारखा आवाज येतो. मग पंख लांबीच्या कडेवर उभा करायचा आणि वीतभर लांब सुईने कापड एकेका फासळीला शिवून टाकायचं. बायको एका बाजूला, काटेसाहेब दुसऱ्या. तिने सुई इकडून घालायची, त्यांनी ती ओढून तिकडे परत द्यायची. मध्ये पंख, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. बावीस वर्षांच्या संसारात ती दोघं इतकं कधी बोलली नव्हती.

"अहो," पलीकडून आवाज आला, "मीही शिकतेय."

"काय?"

"उडायला. तुम्ही रविवारी फ्लाइंग क्लबात शिकायला जाता तेव्हा मी बाकावर बसून काय करणार? तीन महिने झाले. मास्तर म्हणतात, हात हलका आहे."

काटेसाहेबांनी सुई धरून ठेवली. त्यांच्या हाताबद्दल मास्तर काय म्हणतात, ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

"सुई द्या. आणि हो, त्या मोठ्या अर्जात तुम्ही चालकाचं वजन किती लिहिलंत?"

"अडुसष्ट."

पलीकडून सुई एकदम सपकन आरपार आली आणि काटेसाहेबांचा अंगठा थोडक्यात बचावला.

खरं सांगायचं तर अडुसष्ट हे त्यांचं लग्नाच्या वेळचं वजन. माणूस आपलं वजन एकदा पाठ करतो आणि आयुष्यभर तेच सांगतो. शिवाय जो दिवसभर जगाचे काटे तपासतो, त्याला स्वतः काट्यावर उभं राहायला सवड कुठली? त्यांच्या मते हे खोटं नव्हतं. जुनं होतं, इतकंच.

विमान बाहेर काढायचा दिवस आला तेव्हा सगळी इमारत खाली जमली होती. पंख दारात अडकणार, भिंत फोडावी लागणार, अशी खात्रीच होती सगळ्यांची. पोस्टमास्तरांनी तर खुर्ची आणली होती. पण काटेसाहेबांनी दोन वर्षांपूर्वीच दार मिलिमीटरमध्ये मोजून ठेवलं होतं. पंख बरोबर एक बोट जागा सोडून सरळ बाहेर आला. लोक हिरमुसून आपापल्या घरी गेले. किराणावाल्याने आपला टेम्पो दिला होता. त्यात घालून सगळं गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबाच्या शेडमध्ये नेलं आणि जोडलं.

मग विमान तपासनीस आले. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी प्रत्येक सांध्याला हात लावला, प्रत्येक खिळा बघितला, कापडावर बोट वाजवून कान दिला.

"शिवण कोणाची?"

"माझी," बायको म्हणाली.

"सुरेख."

मग त्यांनी मालधक्क्यावरून मागवलेले तीन काटे तीन चाकांखाली मांडले. रिकाम्या विमानाचं वजन नकाशातल्या आकड्यापेक्षा फक्त आठशे ग्रॅमने जास्त भरलं. काटेसाहेबांची छाती फुगली. किराणावाला टेम्पोवाला म्हणून हजर होता, त्याच्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं.

"आता आत बसा," तपासनीस म्हणाले.

काटेसाहेब बसले. तपासनीसांनी तिन्ही आकडे लिहिले, बेरीज केली, अर्ज बघितला. पुन्हा बेरीज केली.

"तुमचं वजन एक्याऐंशी आहे."

"अडुसष्ट," काटेसाहेब खुर्चीतून म्हणाले.

"एक्याऐंशी. आणि खुर्ची मागे असल्यामुळे ते सगळं शेपटाकडे जातंय. तोल मागे गेलाय."

काटेसाहेबांनी आवाजात होता नव्हता तो सगळा अधिकार आणला. "काट्यातच काहीतरी गडबड असणार."

किराणावाल्याला ठसका लागला. "साहेब," तो डोळे पुसत म्हणाला, "हे वाक्य मी तुम्हाला वीस वर्षं सांगतोय. तुम्ही एकदा तरी ऐकलंत का?"

तपासनीसांनी वाकून शेपटाखालच्या काट्यावरची धूळ पुसली. खाली शिशाचं सील होतं. सीलवर निरीक्षकाची खूण होती. ती खूण काटेसाहेबांनी बसल्या जागेवरून ओळखली. गेल्याच महिन्यात त्यांनीच ती ठोकली होती.

"इतकं काय बिघडतं तेरा किलोंनी?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज आता साधा झाला होता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

तपासनीसांनी पेन्सिल घेतली आणि टोकाच्या थोडं मागे बोटावर आडवी धरली. "शेपूट जड झालं की नाक वर जातं. तुम्ही हातातला दांडा पुढे ढकलता, नाक खाली येत नाही. वेग कमी होतो. मग हवा सोडून देते." पेन्सिल पडली. "जमिनीवर तेरा किलो म्हणजे काही नाही. वर म्हणजे सगळं."

काटेसाहेबांनी पेन्सिल उचलली आणि पुन्हा स्वतः धरून बघितली. पडली. तीनदा पडली. लाज वाटायला हवी होती, ती वाटतच होती. पण त्याहीपेक्षा त्यांना वाटलं, काय गंमत आहे! एका माणसाच्या पोटाची हवेत इतकी बारीक नोंद होते!

उपाय दोन होते : माणूस हलका करायचा, नाहीतर विमान बदलायचं.

आधी माणसावर प्रयोग झाला. बातमी टेम्पोतून इमारतीत पोचलीच होती, त्यामुळे तो प्रयोग सार्वजनिक झाला. पोस्टमास्तर रोज सकाळी पार्सलचा जुना काटा घेऊन दारात उभे. सेक्रेटरींनी लिफ्टवर चिठ्ठी लावली : 'कृपया काटेसाहेबांना जिन्यानेच जाऊ द्यावे.' आणि किराणावाल्याने तर सूडच उगवला.

"एक बिस्किटांचा पुडा द्या."

"नाही, साहेब."

"म्हणजे?"

"तुम्हाला बिस्किटं विकायची म्हणजे अपघाताला हातभार लावायचा. माझा टेम्पो त्यात गुंतलाय."

सहा आठवडे काकडी आणि उकडलेल्या भाज्या खाऊन काटेसाहेब दोन किलोंनी उतरले. सातव्या आठवड्यात कचेरीत कोणाच्या तरी बढतीचा केक आला आणि दीड किलो परत आले. एका केकच्या तुकड्याने दीड किलो कसे वाढतात, हा प्रश्न त्यांनी बरेच दिवस अभ्यासला. बायको म्हणाली, एका तुकड्याने वाढत नाहीत.

मग विमानच बदलायचं ठरलं. पंख वाहणारे चार दांडे मागे कलते करायचे आणि पंख चार इंच मागे न्यायचा, म्हणजे तोल जागेवर येतो. त्यासाठी बदलाचा अर्ज. त्यात रकाना : 'बदलाचे कारण'. काटेसाहेबांनी 'सुधारित आकडेवारी' लिहिलं, खोडलं. 'तांत्रिक' लिहिलं, खोडलं.

"पोट लिहा," बायको म्हणाली.

त्यांनी रागारागात खरंच 'पोटामुळे' असं लिहून अर्ज धाडला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : 'आपण सादर केलेल्या नकाशांत "पोट" हा भाग आढळून येत नाही. कृपया संबंधित कागदाचा क्रमांक कळवावा.'

काटेसाहेब ते पत्र घेऊन बराच वेळ टेबलाशी बसले. आजवर त्यांच्यासमोर बसून कितीतरी दुकानदारांनी कबुलीजबाब लिहिले होते. तेव्हा ते दुकानदार पेन इतका वेळ का चावतात, हे त्यांना कधी समजलं नव्हतं. शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'चालकाच्या वजनाबाबत मी आधी दिलेला आकडा चुकीचा होता. खरा आकडा एक्याऐंशी किलो. चूक माझी आहे.' खाली सही केली. मंजुरी आठ दिवसांत आली. खरं लिहिलं की सरकारलाही उत्तर द्यायला सोपं जातं, अशी नोंद त्यांनी मनात केली.

पंख मागे गेला. तोल पुढे आला. सगळे खूश झाले आणि काटेसाहेब आत बसायला गेले, तर त्यांना बसताच येईना. चार इंच मागे आलेला पंख आता बरोबर खुर्चीच्या डोक्यावर होता. पाय आत जायचे, डोकंही वाकवून जायचं, मधला भाग राहायचा. ज्या पोटासाठी पंख हलवला, तेच पोट पंखाखालून जाईना! क्लबाच्या मेकॅनिकने आधी उजवा पाय घालून बघायला सांगितलं. पोस्टमास्तरांनी श्वास सोडायला सांगितलं. किराणावाल्याने पोती टेम्पोत कशी तिरकी सरकवतात ते प्रत्यक्ष करून दाखवायची तयारी दर्शवली. काटेसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

बायको पंखाखाली उभी राहून वर बघत होती. तिने गळ्यातली टेप काढली, पंखाची मागची कड मोजली, मग नवऱ्याचा घेर मोजला.

"गळा काढू," ती म्हणाली.

"कोणाचा?"

"पंखाचा. मागच्या कडेला अर्धगोल कापायचा. सगळे ब्लाउज काय बंद गळ्याचे शिवतात का?"

तपासनीसांना फोन केला. ते म्हणाले, अशा विमानांत बरेच लोक तेच करतात, पण त्याला गळा म्हणणारं कोणी अजून भेटलं नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, पुन्हा इस्त्री. तिने खडूने रेघ आखली, फासळ्या नव्याने वळवल्या, कडेला पट्टी लावली. गळा झाला. काटेसाहेब एका झटक्यात आत बसले, आणि तपासनीसांनी पुन्हा काटे मांडून शेवटच्या कागदावर सही केली.

पहिलं उड्डाण काटेसाहेबांनी सकाळी केलं. वारा नव्हता. क्लबाच्या कुंपणापाशी इमारतीतले लोक खुर्च्या टाकून बसले होते. इंजिन सुरू झालं, गवत मागे पडू लागलं, शेपूट उचललं गेलं, आणि मग चाकांची खडखड एकाएकी थांबली. इतकंच. काही उचलल्यासारखं वाटलं नाही. फक्त आवाज कमी झाला. मैदानाभोवती एक फेरी मारून ते उतरले. सगळे धावत आले.

"तेलाचा दाब पंचेचाळीस," काटेसाहेब टोपी काढत म्हणाले. "पाणी ऐंशी अंशांवर. दांड्यावर जोर शून्य. तोल एकदम बरोबर."

"अहो, ते असू दे," पोस्टमास्तर म्हणाले. "वरून काय दिसलं?"

काटेसाहेबांनी बघितलंच नव्हतं. सहा मिनिटं ते हवेत होते आणि सहाही मिनिटं त्यांची नजर सुयांवर होती.

दुपारी बायकोची पाळी होती. परवाना तिला नवऱ्याआधी मिळाला होता. ही गोष्ट घरात फारशी काढली जात नसे. ती चोपन्न किलोंची, म्हणून तपासनीसांनी खुर्चीमागे पंधरा किलोंची वाळूची पिशवी बांधायला लावली. काटेसाहेबांनी ती तीनदा तोलली. बायको वर गेली. काटेसाहेब पहिल्यांदाच त्या विमानाच्या खाली उभे होते. पंखाच्या अर्धगोलात निळं आभाळ दिसत होतं. त्यांच्या मनात येत होतं, आता ती कुठे बघत असेल? तिने दोन फेऱ्या मारल्या आणि गवतावर हलकेच उतरली.

"काय दिसलं?" त्यांनी चाकं थांबायच्या आधीच विचारलं.

"नदी थांबल्यासारखी दिसते. हलतच नाही. आणि आपली सावली! एवढीशी, बटणाएवढी. गाईंच्या अंगावरून गेली, एकीनेही मान वर केली नाही. आणि आपल्या इमारतीची गच्चीही दिसली, दूर तिकडे. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं आहे."

"उघडं?" सेक्रेटरी ओरडले आणि खुर्ची तिथेच टाकून पळत सुटले.

"नदी हलत नाही म्हणजे? पाणी चमकत होतं? सावली पुढे होती की मागे?"

"अहो, जाऊन बघा ना."

तिने वाळूची पिशवी सोडली. काटेसाहेब पुन्हा आत बसले. या वेळी तिने त्यांचे पट्टे आवळले आणि कानाशी ओरडून सांगितलं, "सुया एकदा बघा, आणि मग बाहेर!"

विमान वर गेलं, वळलं, नदीच्या बाजूला गेलं. एक फेरी ठरली होती. दुसरी झाली. मग ते नदीवरून लांबवर गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. तपासनीसांनी दोनदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग इंजिनाचा आवाज उतरला आणि ते विमान गवतावर जरा जोरात आपटून, दोनदा उडी मारून, थांबलं.

काटेसाहेब खाली उतरले. डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं होतं, केस उभे होते, आणि ते कोणाकडेच बघत नव्हते. तपासनीस नोंदवही उघडून पुढे आले.

"किती वेळ होतात वर?"

"असेल," काटेसाहेब नदीकडे बघत म्हणाले, "पंधरा-वीस मिनिटं."

बायकोने चटकन त्यांच्याकडे वळून पाहिलं. तपासनीसांनी पेन थांबवलं, नेमक्या आकड्याची क्षणभर वाट पाहिली आणि वहीत तसंच लिहून घेतलं.